जोगणीच्या चिरेवरची पट्टी

शाहूपुरी, कोल्हापूर
२६ डिसेंबर १९९५

श्री. आकाराम वरुटे, मु. जोगणवाडी, यांस
प्रभुलिंग पट्टणशेट्टी याचा सप्रेम नमस्कार.

राधानगरीत एसटी बदलावी लागली, तरी दिवेलागणीपूर्वी आम्ही उभयता घरी पोहोचलो. चिमणावहिनींनी बांधून दिलेल्या नाचणीच्या भाकऱ्या आणि खर्डा वाटेतच संपला. त्यातील मोठा वाटा माझा होता, हे सौ. शांतव्वाच्या आग्रहावरून येथे नमूद करतो.

अभयारण्य पाहण्याची माझी कल्पना गवा पाहण्यापुरती होती. गवा दिसला नाही. त्याची भरपाई आपण जोगणीची चीर दाखवून केलीत. विमा कंपनीच्या दावे विभागात राहून मी आजवर पुष्कळ भेगा पाहिल्या. गोदामांच्या पाहिल्या, चिमण्यांच्या पाहिल्या, कबनूरला यंत्रमागांच्या धक्क्याने उललेल्या भिंतींच्या पाहिल्या. परंतु डोंगराला गेलेली अशी भेग पाहिली नव्हती. एवढा विस्तीर्ण जांभ्या दगडाचा सपाट सडा, आणि त्याच्या कड्याला समांतर जाणारी ती चीर. कडेचा तुकडा वेगळा करावयाचा म्हणून कोणी आधी आखून ठेवावे, तशी. सकाळच्या थंडीत तिच्यातून निघणारी वाफ आणि वाकून पाहताना तोंडावर आलेला तो कोमट, ओल्या मातीचा श्वास अजून माझ्या स्मरणात आहे. आपण म्हणालात, "जोगण झोपल्या साहेब, घोरती." मी हसलो. सौ. हसली नाही. "ब्याड" एवढेच म्हणून ती चीर न ओलांडता मागे फिरली. आमच्या हातकणंगल्याकडच्या घरात हे कानडी 'नको' उच्चारले गेले की पुढे चर्चा होत नाही.

परतताना मी कड्यावरून खाली पाहिले. आपल्या वाडीची कौले नेमकी त्या कडेच्या पायथ्याशी आहेत. मध्ये अडवायला काही नाही. आपल्या घरी उतरल्यावर मी तो विषय काढला नाही, कारण जेवणाची पाने मांडलेली होती.

आपल्या गोठ्याच्या कामातून उरलेले सिमेंट मागून घेऊन मी चिरेच्या सर्वांत अरुंद जागी, जेथे ती जेमतेम चार बोटे आहे तेथे, एक आडवी पट्टी घातली व तिच्यावर तारीख कोरली. आपण कारण विचारलेत; मी विषय टाळला. आमच्या कामात भेगेवर अशी पट्टी घालण्याची रीत आहे. तिची तांत्रिक बाजू लिहून घरातल्या मंडळींना धास्ती घालण्याची माझी इच्छा नाही. पट्टी धड आहे तोवर चीर धड आहे, एवढे आपण लक्षात ठेवले तरी पुरे. पुढील पावसाळ्यानंतर मी स्वतः येऊन ती पाहीन. तोवर तिचा सांभाळ आपल्याकडे.

वहिनींना नमस्कार सांगावा.

आपला,
प्रभुलिंग सोमलिंग पट्टणशेट्टी


जोगणवाडी
११ फेब्रुवारी १९९६

प्रभुलिंग साहेबांस आकाराम वरुट्याचा रामराम.

पत्र पावलं. उत्तराला उशीर झाला, कारण थोरल्याचं लगीन काढलं. सून मुरगूडची हाय, नाव क्रांती. बारावी शिकल्या. ह्या पत्रातली जोडाक्षरं तिनंच सरळ केल्यात. वाकडी राहिली असतील ती माझी.

तुमचं पत्र आमच्या हिनं देव्हाऱ्यात ठेवलंय. मी म्हणलं, "अगं, ते साहेब हाईत, देव न्हाईत." तर म्हणती, "देवानं म्हशीचं पैसं दिलं व्हतं का?" आता काय बोलायचं? साहेब, खरं सांगू? म्हस मेली तवा विम्याच्या बिल्ल्यासकट तिचा कान मी जेवणाच्या डब्यात घालून यष्टीनं तुमच्या हापिसात आणलता. बाकीची माणसं नाकाला रुमाल लावून पळाली. तुमी एकट्यानं डबा उघडलासा, बिल्ल्याचा नंबर लिहून घेतलासा नि मला म्हणलासा, "बसा, पाणी घ्या." तवापास्नं माझा तुमच्यावर विश्वास हाय. वाडीचा बी हाय.

पट्टीची काळजी करू नका. सांभाळ माझ्याकडं. आमच्या हिनं तिला हळदकुंकू लावलंय नि गुरं तिकडं जाऊ नयेत म्हणून शेजारच्या पिराजीनं काट्या टाकल्यात.

आता एक काम हाय. जंगलखात्याची जीप येऊन गेली. अभयारण्यातल्या वाड्या उठवायच्या म्हणत्यात. आमाला तुमच्या हातकणंगल्याकडं गायरानात जागा देणार. वर सांगत्यात, तुमच्या डोक्यावरचा कडा धोक्याचा हाय. तो पिराजी गप बसतोय व्हय? म्हणला, "आधी ठरवा. गव्याला आमचा धोका हाय, का आमाला कड्याचा?" जीपवाला हसला, पर कागद ठेवून गेला.

घाई न्हाय. पर पुढच्या वेळी आलासा की चिरेबद्दल तुमचं मत कागदावर लिहून द्यावं. तुमच्या अक्षरात.

आकाराम वरुटे


शाहूपुरी, कोल्हापूर
४ जानेवारी १९९८

श्री. आकाराम वरुटे यांस
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यातील भेटीत आपण पुन्हा आठवण केलीत. दोन वर्षे मी हे मत देण्याचे लांबवले, कारण एका पावसाळ्याच्या पुराव्यावर लिहिणे मला प्रशस्त वाटत नव्हते. आता दोन पावसाळे झाले आहेत. माझे मत येणेप्रमाणे.

डिसेंबर ९५ मध्ये मी घातलेली पट्टी डिसेंबर ९६ मध्ये अभंग होती आणि आताही अभंग आहे. तिला केसाएवढाही तडा नाही. कोरलेल्या तारखेच्या कडाही झिजलेल्या नाहीत. सिमेंट इतके टवटवीत राहिलेले मी शहरात कधी पाहिले नाही. डोंगरावरच्या निर्मळ हवेचा हा गुण असावा. यावरून जोगणीची चीर जुनी असून सध्या निद्रिस्त आहे, असे माझे मत झाले आहे.

यासोबत हेही लिहिणे माझे कर्तव्य आहे की, मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, भूगर्भाचा जाणकार नाही. माझे मत एका पट्टीच्या साक्षीपुरते आहे. जाणकाराकडून तपासणी करून घेतल्याखेरीज कोणताही निर्णय करू नये. ही ओळ वरच्या मताइतकीच महत्त्वाची समजावी.

एक निरीक्षण केवळ आपल्यासाठी. या खेपेस चिरेतून येणारी वाफ मला अधिक दाट वाटली. थंडी अधिक होती, असे मी माझे समाधान करून घेतले आहे.

सड्यावरून उतरताना आपण मला विचारलेत, "साहेब, तुमचं घर असतं तर तुमी ऱ्हायला असता का?" मी "होय" म्हणालो. ते "होय" येथेही कायम करतो. जे तोंडाने बोलावे ते कागदावर लिहिता आले पाहिजे, असा माझा नियम आहे.

क्रांतीच्या बाळाला आशीर्वाद. सौ. शांतव्वाने त्याच्यासाठी झबले शिवले आहे, ते टपालाने निराळे पाठवीत आहे. तिने यावे म्हणून मी आग्रह केला होता. ती म्हणाली, "बाळाला घेऊन त्यांनाच इकडे बोलवा."

आपला,
प्रभुलिंग पट्टणशेट्टी


जोगणवाडी
१७ मे १९९८

प्रभुलिंग साहेबांस रामराम.

झबलं पोराला झालं. आता तोकडं पडाय लागलंय, एवढा दणकट हाय.

बातमी अशी की, काम फत्ते झालं. जंगलखात्याचे साहेब आलते. देवळात बैठक झाली. त्यांनी नकाशा पसरला नि बोट ठेवून सांगाय लागले. पिराजी मधेच म्हणला, "नकाशा हापिसात बसून काढलाय. आमच्या माणसानं चीर हातानं बघितल्या." मग क्रांतीनं उभं राहून तुमचं पत्र वाचलं. अशी शांतता, की तव्यावरची भाकरी फुगल्याली ऐकू यावी. साहेबांनी विचारलं, "हे पट्टणशेट्टी कोण?" मी म्हणलं, "जो माणूस मेलेल्या म्हशीबद्दल बी खोटं लिवत न्हाय, तो."

जाणकाराची ओळ मी क्रांतीला वाचू दिली न्हाय. जाणकार म्हंजी परत जीपच की. सगळ्या वाडीनं सह्या-अंगठं करून लिहून दिलं, आमी उठत न्हाय. साहेबांनी कागद घेतला, म्हणले, "आता पुढचं तुमचं तुमी." गेले.

तर आता पावसाआधी एकदा येऊन जावा. फणस पिकलाय. वहिनीस्नी बी आणा. पट्टी बघून तुमी खूश व्हशीला. परवाच नवी करून घेतल्या. ह्या साली जरा लवकरच उकलली. गेल्या दोन साली पावसात उकलायची, मग दिवाळी झाली की तुमी यायच्या आधी मी कृष्णात गवंड्याकडनं बुजवून घेत व्हतो. ह्या साली कोरड्यातच फाटली. कृष्णात कुरकुरतोय, म्हणतोय आधी मूठभर सिमेंट लागत व्हतं, आता पाटी लागती. चार बोटांची वीत झाल्या. मी म्हणलं, "तू कामाचं बघ, भाव सांगू नकोस." तारीख बी जुनीच घालून घेतल्या, अगदी तुमच्या हातासारखी. तुमचं काम मोडकं दिसाय नको म्हणून जपतोय.

तुमी लिवलं व्हतं, पट्टी धड तवर चीर धड. दर साली आमी ती धड ठेवल्या. जोगणीला तुमी घातल्याला टाका आमी कधी सुटू दिला न्हाय.

आकाराम वरुटे


शाहूपुरी, कोल्हापूर
२३ मे १९९८

श्री. आकाराम,

आपले पत्र मी तीन वेळा वाचले. नंतर ते सौ.ला वाचावयास दिले, कारण माझ्या वाचण्यात चूक होत असावी अशी मला आशा होती. चूक होत नव्हती.

हे पत्र उभ्याने न वाचता बसून वाचावे.

ती पट्टी टाका नाही. तिने चीर धरून ठेवलेली नाही. सिमेंटच्या मूठभर पट्टीने डोंगर धरता येत नाही. चीर हलते की नाही, एवढे कळावे म्हणून ती होती. चीर हलली की पट्टीने फाटायचे, हेच तिचे काम. पहिल्याच पावसाळ्यात ती फाटली तेव्हा तिने आपले काम चोख केले होते. दुसऱ्या पावसाळ्यातही केले. प्रत्येक वेळी मी येण्यापूर्वी तिचे तोंड बुजवले गेले, आणि मी येऊन ते बुजवलेले तोंड तपासले, टवटवीत सिमेंटचे कौतुक केले, आणि त्यावर मत लिहून दिले.

आपला यात दोष नाही. पाहुण्याचे काम मोडकळीला येऊ देऊ नये, या भावनेने आपण ते केलेत. धास्ती नको म्हणून मी खरे कारण लपवले, आणि "सांभाळ करा" असे लिहिले.

आता व्यवहाराचे. चार बोटांची वीत झाली, तीही उन्हाळ्यात, याचा अर्थ कडेचा तुकडा पावसाची वाट न पाहता निघाला आहे. पाऊस दारात आहे. माझे ४ जानेवारीचे मत रद्द समजावे. ते पत्र जेथे वाचले गेले, तेथेच, त्याच मंडळींपुढे हे पत्र वाचावे. वाडीतील सर्व माणसे आणि जनावरे ओढ्यापलीकडील शाळेत हलवावीत. ज्यांना नकार लिहून दिलात त्या कचेरीला मी स्वतंत्र पत्र लिहिले आहे.

उलट टपाली उत्तर हवे आहे. विचारून कळवा, असे नाही. हलवले, असे.

प्रभुलिंग पट्टणशेट्टी


जोगणवाडी
९ जून १९९८

साहेबांस रामराम.

तुमचं पत्र मिळून बारा-तेरा दिस झालं. उत्तर काय लिवावं कळंना.

पत्र मी देवळात वाचलं न्हाय. आधी पिराजीला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो खो खो हसला. म्हणला, "सायबाला जीपनं गाठलं. जानेवारीत डोंगर झोपलेला, मे महिन्यात जागा झाला? मधी काय झालं? कचेरीतनं फोन झाला." मी म्हणलं, साहेब तसले न्हाईत. तर म्हणतोय, "मग जानेवारीतलं खोटं का मेमधलं? एक कायतरी खोटं हायच की." उत्तर दिलं तर सांगाय लागतंय की पट्टी कोण बुजवत व्हतं. चारचौघांत ज्यानं छाती काढून पत्र वाचाय लावलं, त्यानं आता काय तोंडानं सांगायचं? कृष्णात तर मला भेटायचं बी टाळतोय.

रागावू नका, पर विचारतो. तुमच्यावर कुणाचा दाब आलाय का?

पाऊस सुरू झाला. क्रांती गुरामागं सड्यावर गेलती. म्हणली, "मामा, पट्टी मधनं तुटून आत पडल्या. खालनं पाण्याचा आवाज येतोय." ह्या वेळी मी बुजवली न्हाय. एवढं तुमचं ऐकलं.

रात झाली की आमची ही नि सून पोराला मधी घेऊन ओसरीवर बसत्यात, आत निजत न्हाईत. कुणी कुणाला कारण विचारत न्हाय.

साहेब, मी तुमाला विचारलं व्हतं, तुमचं घर असतं तर तुमी ऱ्हायला असता का. तुमी व्हय म्हणलासा. कागदावर बी लिवलंसा. आता काय म्हणता?

आकाराम


शाहूपुरी, कोल्हापूर
१५ जून १९९८

प्रिय आकाराम,

माझ्यावर कोणाचा दाब नाही. असता तर बरे झाले असते; दाब झुगारता येतो.

आपल्या शेवटच्या प्रश्नाला आता कागदावर उत्तर देण्याचा अधिकार मला राहिलेला नाही. माझ्या कागदाची किंमत पिराजीने बरोबर केली आहे. एका माणसाच्या दोन विरुद्ध लेखी मतांपैकी लोकांनी आपल्या सोयीचे उचलले, तर त्यांना नावे ठेवता येत नाहीत.

म्हणून मी येत आहे. रजेचा अर्ज दिला आहे. सोबत वळकटी आहे. मी आपल्या पडवीत राहीन. वाडीतील शेवटचे माणूस ओढा ओलांडून गेले की मीही जाईन, त्याआधी नाही. मी धमकी देतो आहे असे कृपया समजू नये. माझ्या शब्दावर आपण सर्वजण ज्या छपराखाली झोपत आहात, त्याखाली मी नसावे, हा हिशेब मला जमत नाही.

सौ.ला सर्व सांगितले आहे. वळकटीत तिने एक जादा घोंगडे घातले.

प्रभुलिंग


जोगणवाडी
१० जुलै १९९८

शांतव्वा वहिनीस्नी आकाराम वरुट्याचा नमस्कार.

साहेब सुखरूप हाईत. आधी हे लिवतो, मग बाकीचं. तेच लिवणार व्हते, पर चार-पाच राती त्यांना नीट झोप न्हाय, अक्षर वाकडं जातंय. म्हणले, "मी लिहिले तर शांतव्वाला अक्षरावरून काळजी वाटेल. तुम्ही लिहा."

ते आले तवा पाऊस मी म्हणत व्हता. डोक्यावर वळकटी, पायात चिखलानं भरल्याले बूट, तरी शर्टाचं वरचं बटण लावल्यालं. पिराजी वाटंतच भेटला. म्हणला, "काय पावणं, मुक्काम? का परत मत?" साहेब म्हणले, "मुक्काम." दुसऱ्या दिशी देवळात त्यांनी दोन्ही पत्रं वाचली. जानेवारीचं आधी, जाणकाराच्या ओळीसकट. मग मेचं. वाचताना एकदा बी अडखळले न्हाईत. वाचून झाल्यावर हात जोडून म्हणले, "चूक माझी आहे. शिक्षा तुम्हाला होऊ नये, एवढ्यासाठी आलो." पिराजी म्हणला, "पर पट्टी तर धड व्हती की सायब. आमी डोळ्यानं बघितली." साहेबांनी माझ्याकडं बघितलं बी न्हाई. वहिनी, त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी चिडून नाकारलं असतं. घेतलं न्हाय म्हणून मलाच उठाय लागलं. म्हणलं, "पट्टी मी बुजवत व्हतो." कृष्णात मागनं म्हणला, "मी बी."

मग सगळी वर गेलो. चीर आता वीतभर न्हाय, हातभर झाल्या. सड्याची पलीकडची बाजू अलीकडच्यापेक्षा पायरीभर खाली गेल्या. खाली उतरून माणसांनी भांडी-गुरं बांधली नि शाळंत नेली. साहेब शेवटी निघाले, म्हणल्याप्रमाणं.

एवढ्यावर पत्र संपाय पायजे व्हतं. पर तीन आठवडं झालं, डोंगर आला न्हाय. शाळंत जागा किती? माणसं, म्हशी, पोरं, एकाच वासात. बायकांच्यात चुलीवरनं भांडणं. पावसानं दोन दिस उघडीप दिली, तवा ऊन पडलं नि समोर आपापली घरं जशीच्या तशी दिसाय लागली. सकाळी उठलं की माणसं आधी कड्याकडं बघत्यात. सुरवातीला भ्यालेल्या डोळ्यानं बघायची. आता डोळ्यात राग असतोय. पडत का न्हाय म्हणून.

तीन दिसामागं बेंदूर झाला. घरच्या दावणीला बैल पुजल्याबगार बेंदूर कसा व्हणार? पिराजी नि त्याचा भाऊ, दोन घरं, बैल रंगवून वाडीत परत आली. आमी अडवलं. म्हणाले, एक दिस. तो दिस गेला, रात गेली, ती तिथंच. पिराजी म्हणतोय, "जोगण यायची असती तर आली असती. तिला काय मुहूर्त बघायचाय?" बाकीच्यांचं बी मन हलाय लागलं. दोन घरं राहिली तर आमीच काय घोडं मारलंय, असं.

साहेबांनी हे ऐकलं नि वळकटी उचलली. मी म्हणलं, "साहेब, आता कशाला?" म्हणले, "शेवटचे माणूस गेले की मी जाईन, असा माझा शब्द आहे. शेवटचे माणूस गेलेले नाही." ओढा ओलांडून आले नि माझ्या पडवीत बसले. पिराजीच्या दारापुढं जाऊन त्याला एवढंच म्हणले, "तुम्ही उठलात की मी उठतो. घाई नाही."

आता पावणा माझ्या घरात बसलाय म्हटल्यावर मी पलीकडं कसा ऱ्हाणार? मी बी आलो. आमच्या हिला नि नातवाला शाळंतच ठेवलंय. क्रांती तेवढी भाकरी घेऊन येती नि जाती. साहेब मला म्हणतात, "आकाराम, तुम्ही जा. मी माझ्या शब्दासाठी बसलोय." मी म्हणतो, "घरात पावणा असताना घरधन्यानं उठायचं न्हाय. हा बी शब्दच हाय, नुस्ता कागदावर न्हाय." मग दोघं बी हसतो. दुसरं काय करायचं?

काल साहेबांना ताप व्हता. पिराजीची बायको काढा घेऊन आली नि बघून रडाय लागली. घरी जाऊन तिनं पिराजीला काय ऐकवलं देव जाणे, दोन्ही घरांत चूल पेटली न्हाय. आज सकाळी पिराजी आला. दारात उभा ऱ्हायला, आत आला न्हाय. म्हणला, "सायब, तुमी लई वाईट माणूस हाईसा." साहेब म्हणले, "होय." म्हणला, "बैलांचं खाणं झालं की दुपारी जातो. भावाला बी नेतो. परत येत न्हाय दिवाळीपतुर. झालं?" साहेब म्हणले, "झाले." तो गेल्यावर भिंतीला टेकले नि तिथंच त्यांचा डोळा लागला.

तर वहिनी, काळजी करू नका. दुपारी पिराजी निघाला की आमी दोघं त्याच्या मागं निघतो. उद्या-परवा साहेबांना यष्टीत बसवून देतो. तुमी इकडं येऊ नका. आलासा तर शाळंत उतरा.

पत्र क्रांतीजवळ देतोय, ती पलीकडं जाऊन राधानगरीला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती दील. काल ती येऊ शकली न्हाय, ओढ्याला छातीभर पाणी व्हतं. पाऊस परवा रातीपास्नं एका लयीत कोसळतोय, अजून थांबला न्हाय. पर सकाळी बघतोय तर ओढा उतरल्याला. घरामागचा कड्याचा झरा तर पार आटलाय, खालचं दगड उघडं पडल्यात, नि कड्याच्या पोटातनं घुमल्यागत आवाज येतोय. माझ्या जन्मात आषाढात असं झाल्यालं न्हाय. त्यामुळं क्रांतीला वाट मिळाली, हे बरंच झालं.

एवढ्या पावसात पाणी गेलं कुठं, ते मात्र मला उमगंना. साहेबांना ठाऊक असंल. जरा झोपू द्यावं म्हणतो. उठले की विचारतो.

आपला,
आकाराम वरुटे